शाळेची परसबाग: पेरणी सुट्ट्या बघून



मागच्या वर्षी आमच्या शाळेत मुलांनी हौसेनं मेथी आणि पालक पेरला. भाजी छान कोवळी आली, पण नेमकी दिवाळीच्या सुट्टीत. शाळा उघडली तेव्हा मेथी फुलावर आली होती आणि पालक पिवळा पडला होता. ज्यांनी पेरली, त्यांच्या ताटात एक पानही पडलं नाही. तेव्हा कळलं, शाळेच्या बागेत हंगामाबरोबर सुट्ट्याही बघाव्या लागतात.

शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. लहान वर्गांत ६० मुलं असली, तर रोज ३ किलो झाली. चार वाफ्यांतून रोज एवढी भाजी निघणार नाही. पण आठवड्यातून दोनदा जरी ताजी भाजी खिचडीत पडली, तरी मुलं ती आवडीनं खातात. आपण लावलेली भाजी सहसा कोणी ताटात टाकत नाही!

आता पेरणीचं बघू. जूनमध्ये शाळा उघडली आणि चांगला पाऊस झाला, की भेंडी आणि गवार टोकायची. दोन्ही साधारण दीड महिन्यात तोडणीला येतात, म्हणजे ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत भाजी मिळते. भेंडी एक दिवसाआड तोडायची, नाहीतर जून होते. दोडका आणि दुधी कुंपणावर किंवा मांडवावर चढवायचे.

मेथी महिन्याभरात काढायला येते. म्हणून दिवाळीच्या आधीचा महिना ती पेरायची नाही. सुट्टी संपली की पेरायची. तीही सगळी एकदम नको. दर आठवड्याला एक वाफा पेरला, की भाजीही दर आठवड्याला निघते. पालक मुळासकट उपटू नका. पानं कापून घेतली की तो पुन्हा फुटतो. टोमॅटोची रोपं मात्र ऑक्टोबरमध्ये लावून ठेवा. सुट्टीत त्यांना नुसतं पाणी मिळालं तरी पुरे, फळ पुढे शाळा सुरू असताना येतं.

मावा पडला तर अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून १० लिटर पाणी करा आणि संध्याकाळी फवारा. भाजी आधी तोडून घ्या, नंतर फवारणी करा.

मे महिन्यात वाफे रिकामेच ठेवा. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू ही झाडं मात्र तगवायची. शेवग्याचा पाला डाळीत घाला आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. एरवी हात धुण्याचं पाणी अळू आणि केळीकडे वळवता येतं, पण सुट्टीत तेही बंद. तेव्हा पाण्याची पाळी आपणच लावून घ्यायची. सात घरं, सात दिवस.

आणखी एक सांगते. काय पेरायचं हे ठरवताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंना जरूर विचारा. कुठली भाजी पटकन निवडून होते आणि मुलं कुठली मागून घेतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

यंदा भेंडीची दोन चांगली झाडं न तोडता बियांसाठी राखा. शेंगा वाळल्या की बी राख लावून डब्यात ठेवा. जूनमध्ये तेच बी मुलांच्या हातात देता येईल.