गाडीच्या पोटातल्या तक्रारी

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता विजेची गाडी आहे. ती पेट्रोल पीत नाही, धूर सोडत नाही, आवाजही करत नाही. पण ती मनातल्या मनात सारखी कुरकुरत असते, हे आम्हाला गेल्या जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हते.

कडाक्याच्या थंडीत आमची गाडी दोन-तीन दिवस सकाळी उशिरा जागी होऊ लागली. पडद्यावर लाल-पिवळे काहीच नव्हते. आमच्या बारा वर्षांच्या कन्येने सुचवले, "बाबा, तुमचे ते कोड वाचायचे यंत्र लावून बघा ना." स्टीअरिंगखालच्या खाचेत यंत्र लावले, फोनवर अ‍ॅप उघडले आणि आम्ही गारच पडलो. एकूण २७ तक्रारी! 'ब्रेकशी संपर्क तुटला', 'स्टीअरिंगशी संपर्क तुटला', 'एअरबॅगशी संपर्क तुटला'. घरातून हुकूम सुटला, "या गाडीत मुलांना बसवायचे नाही." दुसऱ्या दिवशी तर मराठीच्या वर्गाला हायवेने यायचे होते.

आता थोडी माहिती. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींमध्ये अशी खाच आणि ठरावीक कोड सक्तीचे झाले. हेतू होता धुरावर लक्ष ठेवण्याचा. विजेच्या गाडीला धूरच नाही, त्यामुळे कंपन्यांनी बरेचसे कोड आपापले ठेवले. म्हणून साध्या यंत्राला या गाड्यांतले सगळे वाचता येत नाही. त्या-त्या गाडीसाठी केलेले अ‍ॅप लागते. शिवाय यातल्या बऱ्याच नोंदी चालकासाठी नसतातच. आम्ही ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो तेव्हा तेही अशा शेकडो ओळी नोंदवत असते. त्या पुढे दुरुस्ती करणाऱ्यासाठी असतात. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे बिघाड नव्हे.

आम्ही यादी शांतपणे पुन्हा वाचली. २७ पैकी २६ नोंदी एकाच सकाळच्या, एकाच मिनिटाच्या होत्या! ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅग एकाच मिनिटाला कसे बिघडतील? पालकांना गावाकडची वीज आठवत असेल. व्होल्टेज उतरले की पंखा मंदावायचा, ट्यूबलाइट लुकलुकायची, टीव्हीचे चित्र आक्रसायचे. तेव्हा आपण तिन्ही वस्तू दुरुस्तीला टाकत नसू. दोष मागून येणाऱ्या विजेचा असे.

विजेच्या गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. गाडीतले संगणक तिच्यावर चालतात. मोठी बॅटरी जोडणारे स्विचही तिच्याच विजेने मिटतात, म्हणून मोठी भरलेली असूनही छोटी मेली तर गाडी हलत नाही. आमची छोटी बॅटरी जुन्या लेड-अ‍ॅसिड प्रकारची. चांगली भरलेली असेल तर गाडी बंद असताना ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आमची दाखवत होती ११.८. नवीन बसवली, यादी पुसून टाकली आणि थाटात वर्गाला आलो.

इथेच आमची चूक झाली. सत्ताविसावी नोंद वेगळी होती. तारीख वेगळी, दिवस पावसाचा, आणि मजकूर होता 'इन्सुलेशन कमी'. गर्दीत तीही पुसली गेली.

मोठ्या बॅटरीची सुमारे ४०० व्होल्टची वीज नारिंगी तारांतून वाहते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून पूर्ण वेगळी ठेवलेली असते. एका ठिकाणी गळती झाली तर लगेच झटका बसत नाही, कारण विजेला परतीची वाट नसते. दुसऱ्या ठिकाणीही गळती झाली तर मात्र ती वाट मिळते. म्हणून पहिल्याच गळतीला गाडी ओरडते. दोन आठवड्यांनी पुन्हा पाऊस झाला आणि या वेळी पडद्यावरच इशारा आला. वर्कशॉपमध्ये एका जोडणीत पाणी शिरलेले सापडले. मेकॅनिक म्हणाला, "पहिली नोंद जपली असती, तर पावसाचा संबंध तेव्हाच लक्षात आला असता." मधले दोन आठवडे मुले त्याच गाडीत बसत होती, हे आठवले की अजून चैन पडत नाही.

तेव्हा यादी दिसली तर आम्ही आता हे प्रश्न विचारतो:

१. गाडीने पडद्यावर स्वतःहून इशारा दिला आहे का? दिला असेल तर तो सांगेल तसे करावे. लाल असेल तर सुरक्षित जागी थांबावे.

२. नोंद इन्सुलेशन, बॅटरीचे तापमान, ब्रेक, स्टीअरिंग किंवा एअरबॅगची आहे का? असेल तर पडदा गप्प असला तरी लगेच फोन करावा.

३. सगळ्या नोंदी एकाच मिनिटाच्या आहेत का? मग आधी छोटी बॅटरी तपासून घ्यावी. ती बदलल्यावरही नोंदी परतल्या तर वर्कशॉप गाठावे.

४. नोंद एकदाच आली की परत परत येते? एकट्यादुकट्या किरकोळ नोंदीवर नजर ठेवावी, परतणारी दाखवावी.

छोटी बॅटरी वारंवार उतरत असेल तर दोष तिला भरणाऱ्या यंत्रात असू शकतो. अशाच दोषासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत सुमारे १ लाख ४५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपल्या गाडीचा १७ अक्षरांचा क्रमांक सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, वेबसाइटवर घातला की अशी दुरुस्ती बाकी आहे का ते कळते. सहसा ती फुकट होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: आधी लिहा, मग पुसा. आमच्या गाडीच्या खणात आता एक वही असते. तारीख, वेळ, हवा आणि मजकूर कन्या लिहिते, तेही मराठीत. 'इन्सुलेशन'ला तिने 'विद्युतरोधन' हा शब्द शोधला आहे. बाईंनी तो पुढच्या शुद्धलेखनात घालायला हरकत नाही!