नवसाचं दुसरं टोक : खारबाव ते वसई, एक दिवस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "जवळच्या जवळ एका दिवसात काय बघता येईल?" त्याचंच उत्तर हा भाग. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

मी खारबावचा. लहानपणी दरवर्षी आजी आम्हाला वज्रेश्वरीला न्यायची. गोष्ट ठरलेली : चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, वसई जिंकली आणि देऊळ बांधलं. पण ज्या तटासाठी नवस केला, तो मी अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पाहिलाच नव्हता! खारबावहून दिवा-वसई गाडीत बसलं की कामण, जूचंद्र आणि थेट वसई रोड. गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. तिथून बस किंवा रिक्षा.

किल्ला नाही, शहर

मी गेलो किल्ला बघायला. आत निघालं अख्खं शहर. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. तटाच्या आत रस्ते, वाडे, मठ आणि एकाहून एक मोठी चर्चेस. आज छपरं गेलीत, भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं उतरलीत. मधल्या रस्त्याने मात्र किल्लाबंदरच्या कोळीवाड्याची ये-जा चालूच असते.

तट असा का?

आमच्या कामात फायरवॉल असते : कुठलं दार उघडं, कुठलं बंद, हे ती ठरवते. इथेही तेच. एक भुई दरवाजा, एक दर्या दरवाजा. दर्या दरवाजा खाडीकडे उघडतो. याच खाडीने गलबतं घोडबंदर, ठाणे, कल्याणपर्यंत जायची. आमच्या खारबावच्या बाजूचं पाणीही तेच. म्हणजे वसईचा ताबा हा या सगळ्या जलमार्गाच्या तोंडाचा ताबा.

तीन बाजूंना पाणी, त्यामुळे मोठा हल्ला येणार तो जमिनीकडूनच. मराठ्यांनी 1737 मध्ये आधी ठाणे घेतलं, मग 1739 मध्ये वसईला वेढा घातला. नुसत्या तोफांनी भागेना. तेव्हा तटाखाली सुरुंग खणून त्यात दारू ठासली आणि सान सेबास्तियन बुरुजाकडचा तट उडवला. दोन्ही बाजूंची माणसं फार पडली. मे महिन्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. त्यांना हत्यारं आणि चीजवस्तूंसह बाहेर जाऊ दिलं. इथल्या घंटा पुढे देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांपैकीच.

पायाखालची नावं

इथवर मी जिंकणाऱ्यांच्या बाजूने फिरत होतो. मग एका चर्चच्या फरशीत कोरलेली अक्षरं दिसली. थडग्याच्या शिळा होत्या त्या, आणि मी वर उभा! पटकन बाजूला झालो. पोर्तुगीज येत नाही, पण ही कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा, एवढं कळायला भाषा लागत नाही.

जवळच जेझुइट चर्च आहे, गोन्सालो गार्सिया यांच्या नावाशी जोडलेलं. हे वसईत जन्मलेले. 1597 मध्ये जपानात नागासाकीला त्यांना ठार मारलं, 1862 मध्ये संतपद मिळालं. वसईचे ख्रिस्ती लोक आजही त्यांचा सण करतात. म्हणजे पोर्तुगीज गेले, तरी हा वारसा परका झाला नाही. तो मराठी बोलणाऱ्या वसईकरांचाच आहे.

जाणार असाल तर

सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा, पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यांवर चढू नका. भिंतींवर नावं कोरू नका, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी घरी आल्यावर आजीला शिळांचे फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "पुढच्या वेळी वज्रेश्वरीला गेलो की यांच्यासाठीपण हात जोडू."

भेटू पुढच्या भागात!