वरचे बीपी चढते तेव्हा खालचे का उतरते?

पलूस तालुक्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात सत्तरीतल्या माणसांचे केसपेपर पाहिले, तर त्यावर एका ठरावीक धाटणीचे आकडे भेटतात: 160/70, 168/72, 156/68. वरचे बीपी चढलेले, खालचे मात्र तरण्या माणसासारखे. घरी मुलगा विचारतो, "आण्णा, डॉक्टर काय म्हणाले?" उत्तर येते, "वरचं जरा वाढलंय, खालचं बरोबर हाय. वयोमानानं व्हायचंच."

या उत्तरात एक गोष्ट निसटते. वरचा आकडा चढत असताना खालचा उतरला, तर त्यात दिलासा मानण्यासारखे काही नसते. दोन आकड्यांमधले अंतर वाढत चाललेले असते, आणि धमन्या किती ताठ झाल्या आहेत याची खूण त्या अंतरातच असते. ती कशी, हे समजायला हृदयापासून सुरुवात करावी लागेल.

ठोक्याठोक्याने निघालेले रक्त

या भागाला पंपाची ओळख करून द्यायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये उभी केलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. विहिरीवरचा सेंट्रिफ्यूगल पंप पाण्याची सलग धार देतो. हृदय त्या जातीचे नाही. ते द्राक्षबागेत फवारणीला वापरतात त्या पिस्टनच्या पंपासारखे आहे: एक दाब, मग विसावा, पुन्हा दाब. तरीही नोझलमधून औषध अडखळत येत नाही, कारण पंपावर हवेची एक बंद टाकी बसवलेली असते. पिस्टन दाब देतो तेव्हा टाकीतली हवा आकसते आणि थोडे औषध तिथे थांबते. पिस्टन मागे जातो तेव्हा हवा फुगून तेच औषध पुढे ढकलते. टाकीतली हवा गेली, की मीटरचा काटा नाचू लागतो आणि पाइप हादरायला लागतो.

शरीरात या टाकीचे काम हृदयातून निघणारी महाधमनी करते. ही तुलना जुनीच आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांहून उंच चढते हे मोजले होते. 1733 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने धमन्यांचे काम समजावताना आगीच्या बंबावरच्या हवेच्या टाकीचाच दाखला दिला.

माणूस शांत बसलेला असताना हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. त्यातले निम्म्याच्या आसपास लगेच पुढे जाते आणि उरलेले ताणल्या गेलेल्या महाधमनीत मावते. मग हृदय सैल पडते, झडप मिटते आणि महाधमनी आखडत ते रक्त पुढे लोटते. ठोक्याच्या वेळी चढलेला सर्वांत जास्त दाब म्हणजे वरचे बीपी. पुढचा ठोका पडण्याआधी उरलेला सर्वांत कमी दाब म्हणजे खालचे. हृदय विसावलेले असतानाही दाब 80 च्या आसपास टिकतो, तो या आखडण्यामुळे आणि पुढच्या बारीक धमन्यांच्या अडसरामुळे.

भिंतीत वय काय करते

महाधमनीच्या भिंतीत दोन प्रकारचे धागे महत्त्वाचे. इलॅस्टिन ताणले जाते आणि मूळ लांबीवर परत येते. कोलॅजन मजबूत असते, पण फारसे ताणत नाही. दाब कमी असताना भार इलॅस्टिनवर असतो. दाब वाढला की तो कोलॅजनवर जातो आणि भिंत कडक लागते.

इलॅस्टिन बहुतेक सगळे जन्माआधी आणि लहानपणीच तयार होते. पुढे आयुष्यभर तेच वापरायचे. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला एक लाख, वर्षाला सुमारे 3.7 कोटी, साठाव्या वर्षापर्यंत 220 कोटींच्या घरात ताण बसतात. इतक्या वेळा ताणले गेलेले धागे जागोजाग तुटतात. त्यांची जागा कोलॅजन घेते. रक्तातली साखर कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत कायमची जखडते, म्हणून मधुमेह असेल तर ताठरपणा लवकर येतो. भिंतीत हळूहळू कॅल्शियमही साचते.

हे सगळे "नस ब्लॉक होणे" याहून वेगळे आहे. तिथे चरबीच्या थरामुळे धमनी आतून अरुंद होते. इथे महाधमनी अरुंद होत नाही, उलट वयाबरोबर थोडी रुंदच होते. फक्त ताणायची बंद होते.

आता सुरुवातीच्या केसपेपरकडे पाहा. महाधमनी ताणली जात नसेल, तर तेवढेच रक्त आत आल्यावर दाब जास्त उसळतो: वरचा आकडा चढतो. आणि जी ताणलीच गेली नाही, ती आखडून पुढे काय लोटणार? विसाव्यात दाब लवकर ओसरतो: खालचा आकडा उतरतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी 1948 पासून चाललेल्या अभ्यासातही हेच दिसले. वरचे बीपी वयाबरोबर चढतच जाते. खालचे पन्नाशीपर्यंत चढते आणि साठीच्या सुमारास उतरू लागते.

यात आणखी एक भर पडते. प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट धमन्यांतून धावते आणि फाट्यांवर आपटून काही अंशी परत येते. तरुण महाधमनीत तिचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. ताठ महाधमनीत तो दहाच्या पुढे जातो. तरुणपणी परतीची लाट हृदय विसावल्यावर पोहोचते आणि तेव्हाचा दाब सावरते. म्हातारपणी ती लवकर येते आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्या वाटेत उभी राहते.

बारीक धमन्यांचे दुखणे

महाधमनी दाबाचे चढउतार सांभाळते. एकूण दाब किती राहावा हे मात्र मुख्यतः बारीक धमन्या ठरवतात. त्यांच्या भिंतीतला स्नायू आवळला की वाट अरुंद होते. इथला हिशेब कडक आहे: नळीची त्रिज्या फक्त पाचव्या हिश्श्याने कमी झाली, तरी तेवढ्याच दाबाला प्रवाह निम्म्याहूनही कमी होतो.

हा स्नायू सैल कधी पडावा हे धमनीचे आतले अस्तर सांगते. पेशींच्या एकाच थराचे हे अस्तर. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवले, की अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन दिल्यावर धमनी सैल पडते आणि ते खरवडले गेले असेल तर पडत नाही. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चे नोबेल मिळाले.

वयाबरोबर हा वायू कमी पडतो. वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि साखर अस्तराचे आणखी नुकसान करतात. वर्षानुवर्षे जास्त दाब सोसणाऱ्या बारीक धमन्या भिंत जाड करून घेतात, आतली वाट त्यामुळे अरुंद होते आणि दाब आणखी वाढतो.

मग आधी काय, ताठरपणा की बीपी? फ्रॅमिंगहॅमच्याच लोकांवर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महाधमनीचा ताठरपणा आधी आणि उच्च रक्तदाब नंतर असा क्रम दिसला. एकदा सुरुवात झाली की दोन्ही एकमेकांना वाढवतात.

कुणाला भोगावे लागते

मेंदू आणि मूत्रपिंडात रक्त भरपूर लागते, म्हणून तिथल्या धमन्या फारशा आवळलेल्या नसतात. ताठ महाधमनीने न शोषलेला ठोक्याचा हादरा तिथल्या बारीक वाहिन्यांपर्यंत थेट जातो. पक्षाघात, हळूहळू मंदावणारी स्मृती, निकामी होत जाणारी मूत्रपिंडे यांचा एक धागा इथे आहे. हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, त्याची भिंत जाड होते. शिवाय हृदयाला स्वतःचे रक्त मुख्यतः विसाव्याच्या वेळी मिळते. खालचे बीपी फार उतरले तर तेही कमी पडते.

दाबाची खबर मेंदूला देणारे मज्जातंतू मानेतल्या धमन्यांच्या आणि महाधमनीच्या भिंतीतच असतात. भिंत ताणली नाही तर खबर नीट जात नाही. म्हणून ज्याचे बीपी जास्त, त्याच वृद्धाला अंथरुणातून झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते.

"वयोमानानं व्हायचंच"?

पूर्वी डॉक्टरही "शंभर अधिक वय" एवढे वरचे बीपी चालवून घेत. 1988 मध्ये 32 देशांतल्या माणसांचे मीठ आणि रक्तदाब तपासले गेले, तेव्हा ॲमेझॉनच्या जंगलातल्या, मीठ जवळजवळ न खाणाऱ्या यानोमामी लोकांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नाही असे आढळले. 1991 मध्ये शेप नावाच्या चाचणीत फक्त वरचे बीपी वाढलेल्या, साठीपुढच्या 4,736 जणांपैकी औषध घेणाऱ्यांत पक्षाघात 36 टक्क्यांनी कमी झाला. 2008 च्या आणखी एका चाचणीने ऐंशीपुढच्यांनाही उपचाराचा फायदा होतो हे दाखवले.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे चमचाभरही नाही. खर्डा, लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांनी ती मर्यादा दुपारच्या जेवणातच संपू शकते. मिश्री आणि तंबाखूचा जोर दर वेळी बीपी वर नेतो. रोज चालल्याने रक्ताचा प्रवाह अस्तरावर घासतो आणि नायट्रिक ऑक्साइड वाढतो.

मोजणेही नीट हवे: अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसणे, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, आणि दोनदा मोजणी. शेजारच्या सातारा जिल्ह्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यातच आला. त्याचा भर साध्याच गोष्टींवर होता: सरकारी केंद्रात ठरलेली औषधे, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा.

तो पाठपुरावा का लागतो, याचे उत्तर भिंतीतल्या धाग्यांत आहे. तुटलेले इलॅस्टिन गोळीने परत जुळत नाही. बारीक धमन्या सैल पडतात, दाब उतरतो, भार कोलॅजनवरून पुन्हा इलॅस्टिनवर येतो आणि तीच जुनी महाधमनी थोडी जास्त ताणू लागते. बीपी 130 आले ते गोळी चालू आहे म्हणून. "आता नॉर्मल आलंय" म्हणून ती मनानेच बंद केली, की काही दिवसांत भार होता तिथे परत जातो. कमी करायची की बदलायची, हे खालचा आकडा आणि उठतानाची चक्कर बघून डॉक्टरांनी ठरवायचे असते.