थ्रॉटल सेन्सरचा दोष कसा ओळखावा ?

मीरा-भाईंदर परिसरातील उत्तन, पाली, चौक, डोंगरी इत्यादी गावांतून भाजीपाला व मासळी बाजारात नेण्याकरिता आता लहान मोटारींचा उपयोग केला जातो. पहाटे माल भरून निघालेली मोटार वाटेत अडल्यास नाशवंत माल खराब होतो व त्या दिवसाचा भाव हातचा जातो. त्यातच केवळ स्कॅनरवरील क्रमांक पाहून नवा भाग बसविला आणि दोष तसाच राहिला, तर दुहेरी नुकसान सोसावे लागते. यास्तव या क्रमांकांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

सेन्सरचे कार्य

पेट्रोल वा सीएनजीच्या एंजिनात किती हवा जावी हे थ्रॉटलची झडप ठरविते. ती किती उघडली आहे हे थ्रॉटल सेन्सर विजेच्या दाबाच्या रूपाने एंजिनच्या संगणकास कळवितो. साध्या सेन्सरला तीन तारा असतात : एक ५ व्होल्ट पुरवठ्याची, दुसरी अर्थिंगची व तिसरी संदेशाची. झडप मिटलेली असता संदेश सुमारे ०.५ व्होल्ट व पूर्ण उघडली असता सुमारे ४.५ व्होल्ट असतो. संदेश चुकल्यास एंजिनचा दिवा लागतो, पिकअप मिळत नाही व गाडी झटके देते.

क्रमांकांचा अर्थ

पी ०१२२ – संदेशाचा दाब फार कमी. पुरवठा तुटला असेल किंवा संदेशाची तार बॉडीस टेकली असेल.

पी ०१२३ – दाब फार जास्त. अर्थिंगची तार तुटलेली असू शकते.

पी ०१२१ – संदेश येतो, परंतु एंजिनच्या चालीशी जुळत नाही. झडपेवर कार्बन साचला असेल किंवा सेन्सर झिजला असेल.

पी २१३५ – विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलमधील दोन सेन्सरांचे संदेश परस्परांशी जुळत नाहीत.

क्रमांक हे लक्षण होय, रोगाचे नाव नव्हे. पीक पिवळे पडले म्हणजे नत्राचीच उणीव असे नाही. मुळाशी पाणी साचल्यानेही ते पिवळे पडते. तसेच येथे समजावे.

तपासणीचा क्रम

१. क्रमांक प्रथम लिहून घ्यावा. बॅटरीची तार काढू नये. त्यामुळे नोंद पुसली जाण्याचा संभव असतो.

२. चावी बंद करून सेन्सरचा कपलर सोडवावा व आत हिरवट गंज आहे काय ते पाहावे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत असा गंज लवकर धरतो. उंदरांनी कुरतडलेल्या ताराही पाहाव्यात.

३. चावी चालू, एंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने ५ व्होल्टचा पुरवठा व अर्थिंग तपासावे. यांत उणीव असल्यास नवा सेन्सर बसवून उपयोग नाही.

४. नंतर कपलर जोडून ॲक्सिलरेटर सावकाश दाबावा. संदेश सलग बदलला पाहिजे. तारा ठीक असूनही तो मध्येच तुटल्यास सेन्सर सदोष समजावा. दोन सेन्सरांच्या काही मोटारींत एकाचा दाब वाढत असता दुसऱ्याचा घटतो; तो दोष नव्हे.

सावधगिरी : विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलची चावी चालू असता झडपेत बोट घालू नये, इजा होते.

पुष्कळ मोटारींत हा सेन्सर सुटा मिळत नाही, संपूर्ण थ्रॉटलच बदलावा लागतो व खर्च मोठा येतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी कारागिराकडून मल्टिमीटरवरील आकडे समक्ष पाहून घ्यावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकरी व मच्छिमार बांधवांना अवश्य समजावून सांगावी.