ब्लेसर, स्पॉन्सर आणि फळ्यावरचे आकडे

पैसेवाल्या, वयाने मोठ्या पुरुषांपासून दूर राहा, असं आफ्रिकेतल्या मुलींना वर्षानुवर्षं बजावलं गेलं. फरक पडला तो मात्र वेगळ्याच गोष्टींनी.

दक्षिण आफ्रिकेत २०१६च्या सुमारास तरुणांच्या बोलण्यात एक उतरंड रूढ झाली. पहिल्या पायरीवरचा ‘ब्लेसर’ मोबाइलचं रिचार्ज करून देतो. दुसऱ्या पायरीवरचा महागडी गंगावनं आणि कपडे घेतो. तिसऱ्याकडून आयफोन आणि सहली मिळतात, तर चौथा थेट गाडी, घर किंवा धंद्याला भांडवल देतो. केनियात याच माणसाला ‘स्पॉन्सर’ म्हणतात, बाकी जगात ‘शुगर डॅडी’. तो वयाने मोठा, कमावता, अनेकदा विवाहित. ती शाळा-कॉलेजातली, नाहीतर नुकतीच तिथून बाहेर पडलेली.

याला वेश्याव्यवसाय म्हणून टाकलं की विषय संपतो, पण समजत नाही. इथे दर ठरलेला नसतो आणि दोघंही स्वतःला प्रियकर-प्रेयसीच म्हणवतात. कर्स्टन स्टोबेनाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या अशा संबंधांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना तीन प्रकारची स्पष्टीकरणं दिसली. कुठे निकड: धान्य, शाळेची फी, घरभाडं. कुठे हौस आणि प्रतिष्ठा: मैत्रिणीकडे आहे तसा फोन आपल्याकडेही हवा. आणि कुठे प्रेमाचीच रीत: ज्याला माझी काळजी आहे, तो माझ्यासाठी खर्च करणारच. एकाच मुलीच्या बाबतीत ही तिन्ही खरी असू शकतात.

लग्न परवडेना

यातलं तिसरं कारण बाहेरच्यांना सहसा उमगत नाही. भूगोलाचे अभ्यासक मार्क हंटर यांनी क्वाझुलु-नाताळ प्रांतातल्या मांदेनी या कारखानदारीच्या गावात राहून त्याचा माग काढला. त्यांचं पुस्तक २०१० मध्ये आलं. झुलू समाजात वराने वधूच्या घरी ‘इलोबोलो’ द्यायचा असतो, आपल्याकडे काही समाजांत देज देत तसा. प्रघात अकरा गाईंचा, आता बहुधा रोख रकमेत. पगाराची नोकरी होती तोवर तरुणाला तो जमवता येई. नोकऱ्या आटल्या तशी लग्नं लांबली, अनेकांची तर झालीच नाहीत. पुरुषाने द्यावं ही अपेक्षा मात्र तशीच राहिली. ती पुरी करू शकतो तो कमावता, म्हणजे बहुधा वयाने थोराड. बरोबरीचा बेकार मुलगा स्पर्धेतच नसतो.

किंमत मोजावी लागते ती नंतर. ज्याच्या पैशावर फी भरली, त्याला कंडोम वापर म्हणून सांगायचं कसं? डरबनच्या काप्रिसा संस्थेच्या संशोधकांनी याच प्रांतातल्या एचआयव्हीबाधितांच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिली. २५ वर्षांखालच्या स्त्रियांचा विषाणू ज्या पुरुषांशी जुळला, ते त्यांच्यापेक्षा सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. त्या पुरुषांना लागण झालेली दिसत होती ती त्यांच्या बरोबरीच्या बायकांकडून. आजची विशीतली मुलगी उद्या तिशीत जाते, तिच्याकडून तिच्या वयाच्या पुरुषाला लागण होते आणि तो पुढच्या विशीतल्या मुलीला देतो. त्याच प्रांताच्या ग्रामीण भागातल्या २०१४च्या एका अभ्यासात वयातल्या अंतरामुळे लागणीचा धोका वाढलेला आढळला नव्हता, हेही खरं. अंतराच्या जोडीला गाव, काळ आणि उपचारांची सोय या गोष्टीही हिशेबात घ्याव्या लागतात.

उपदेश आणि आकडे

सरकारांनी आधी केला तो उपदेश. शुगर डॅडी आयुष्य उद्ध्वस्त करतात, अशा आशयाचे फलक क्वाझुलु-नाताळमध्ये २०१२ साली लागले. याच प्रांतातल्या उथुकेला जिल्ह्याने २०१६ मध्ये त्यापुढची मजल मारली. ‘कुमारी’ राहणाऱ्या १६ मुलींना शिष्यवृत्ती दिली आणि तिच्यासाठी कौमार्यचाचणीची अट घातली. देशाच्या लिंगसमता आयोगाने ही अट घटनाबाह्य ठरवली. पैसा पुरुषाच्या खिशात आणि परीक्षा मुलीची, असा हा न्याय होता.

केनियाच्या पश्चिम भागात फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ पास्कलीन द्युपा यांनी वेगळी वाट धरली. ३२८ प्राथमिक शाळांच्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा ७१ शाळा निवडल्या. तिथे आठवीच्या वर्गात एक कार्यकर्ता एकदाच गेला. त्याने शुगर डॅडींवरची १० मिनिटांची चित्रफीत दाखवली आणि कोणत्या वयाच्या पुरुषांत एचआयव्ही किती, ते आकडे मांडले. वर्गातल्या मुलांच्या वयोगटात प्रमाण अगदी कमी आणि तिशीतल्या पुरुषांत कितीतरी पट जास्त, हे मुलींना पहिल्यांदाच कळलं. तोवर त्यांना उलटंच वाटत होतं: मोठा, संसारी माणूस सुरक्षित आणि धोका उनाड पोरांचा. वर्षभरात त्या शाळांतल्या मुलींमध्ये गरोदरपणाचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. संयमाचा धडा देण्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, तिथे अशी घट दिसली नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या पुस्तकामुळे हा प्रयोग आपल्याकडच्या वाचकांपर्यंतही पोचला.

माहितीने निवड बदलते, गरज बदलत नाही. त्यासाठी पैसा लागतो. मलावीच्या झोंबा जिल्ह्यात शाळकरी मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रक्कम दिली गेली. १८ महिन्यांनंतर पैसे मिळालेल्या गटात एचआयव्ही १.२ टक्के, न मिळालेल्या गटात ३ टक्के निघाला. पैसे मिळालेल्या मुलींचे जोडीदारही वयाने लहान होते. दक्षिण आफ्रिकेत सरकारी बाल-अनुदान मिळणाऱ्या घरांतल्या मुलींमध्ये पैशासाठीचे संबंध जवळपास निम्म्याने कमी आढळले. पुढे म्पुमलांगा प्रांतात शाळेतल्या हजेरीच्या अटीवर पैसे देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा लागणीत फरक पडला नाही. तिथे दोन्ही गटांतल्या बहुतेक मुली आधीच नियमित शाळेत येत होत्या आणि शाळेत टिकलेल्या मुलींना लागण मुळात कमी होती. म्हणजे पैशाचा उपयोग होतो तो बहुधा जिथे शाळा सुटण्याची वेळ आलेली असते तिथे.

पैसे देण्याच्या या प्रयोगांत शाळेची हजेरी तपासली गेली ती मुलीची आणि रक्तही तिचंच. ब्लेसर कुठल्याच यादीत नव्हता. काप्रिसाच्या संशोधकांनी नंतर स्पष्टच सुचवलं, की २५ ते ४० वयाच्या पुरुषांना शोधून त्यांची तपासणी करा आणि त्यांना औषधं सुरू करा. हे पुरुष शाळेत भेटत नाहीत आणि दवाखान्यात स्वतःहून येत नाहीत. मुलींना एका वर्गात बसवून आकडे दाखवणं त्या मानाने सोपं होतं. ब्लेसरला कामाच्या ठिकाणी, गुत्त्यावर, टॅक्सीतळावर गाठून तपासणीला बसवणं हे खरं अवघड काम, आणि साखळी तुटायची तर तिथेच तुटेल.