धारावीच्या टेंकडीची सहल: पूर्वतयारी व पाहणी

सहल म्हणजे अभ्यासास सुट्टी, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची व कांहीं पालकांचीही समजूत असते. वस्तुतः नीट आखलेली सहल हा इतिहास, भूगोल व व्यवहारज्ञान या तिन्ही विषयांचा एकत्र तास होय. न आखलेली सहल ही मात्र केवळ दमछाक होय. हें आम्ही स्वानुभवानें सांगत आहों. तो अनुभव पुढें येईलच.

आमच्या उत्तनजवळ चौक गांवापाशीं धारावीची टेंकडी आहे. धारावी म्हटलें कीं मुंबईंतील दाट वस्ती डोळ्यांपुढें येते. परंतु ही धारावी ती नव्हे. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी हीं गांवें साष्टीच्या वायव्येकडील ज्या भूभागावर वसलीं आहेत, त्यास पूर्वीं धारावी बेट म्हणत. त्याच्या उत्तर टोंकाशीं ही टेंकडी आहे. उंची फार नाहीं, चढही कठीण नाहीं. तरी माथ्यावर उभें राहिलें असतां पश्चिमेस अरबी समुद्र, समोर उत्तरेस वसईच्या खाडीचें मुख आणि पलीकडच्या तीरावर माडांच्या गर्दीतून डोकावणारा वसईचा कोट, असा देखावा दिसतो कीं पाहणाऱ्याचे पाय तेथेंच खिळतात.

या देखाव्यांतच त्या जागेचा इतिहास सांठविलेला आहे. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें त्यांनीं तेथें भक्कम कोट बांधून आंत देवळें, मठ व वाडे उभारिले. त्या बांधकामास लागणारा दगड धारावीच्या टेंकड्यांतून काढून खाडीपलीकडे नेत. म्हणजे समोर दिसणारा कोट कांहीं अंशीं आपल्याच डोंगराचा तुकडा आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां लढाईच्या दृष्टीनें पहा. वसईच्या कोटास धान्य, दारूगोळा व कुमक मिळावयाची ती मुख्यतः समुद्रमार्गें. गलबतें खाडीच्या मुखांतून आंत येत. आणि ज्याच्या तोफा या टेंकडीवर, त्याच्या हातीं त्या मुखाची किल्ली. म्हणूनच १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टीवर स्वारी केल्यापासून धारावीच्या ठाण्यासाठीं झुंज चालली, आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत १७३९ च्या मार्च महिन्यांत तें अखेर मराठ्यांच्या ताब्यांत आलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसईचा कोट पडला. या दोन घटनांतील संबंध पुस्तकांत वाचून पाठ होतो. टेंकडीवर उभें राहून पाहिला म्हणजे तो समजतो.

तेथें जावयाचें कधीं? पावसाळ्यांत वाट निसरडी होते व उन्हाळ्यांत माथ्यावर सांवली मिळत नाहीं. म्हणून डिसेंबर व जानेवारी हे महिने उत्तम. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळें उत्तरेकडे पाहतांना ऊन आपल्या पाठीवर आणि प्रकाश वसईच्या तटावर पडतो.

महिना ठरला, आतां दिवस ठरवावा. आणि येथें पंचांग उघडावें. आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव घड्याळावांचून भरतीची वेळ सांगतात. त्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीस सहाच्या सुमारास. द्वादशीस नऊच्या सुमारास. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारें सव्वासहा तास लागतात, व दुसऱ्या दिवशीं तीच भरती सुमारें पाऊण तास उशिरां येते. चंद्र दररोज तितकाच मागें पडतो, हें त्याचें कारण. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी जास्त चढतें व जास्त उतरतें. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो; तो भांग.

आतां सहल चतुर्थीस ठेवली असें समजा. भरती दुपारीं तीनला, म्हणजे ओहोटी सकाळीं पावणेनऊला. साडेआठला माथ्यावर पोंचलों तर उघडा पडलेला चिखल व गलबतांस उरलेली अरुंद वाट दिसेल. अकराला निघतांना पाणी कितीतरी चढलेलें दिसेल. गलबतास भरतीची वाट कां पहावी लागते, हें मग कोणास शिकवावें लागणार नाहीं.

आतां आमच्या चुकीची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक तुकडी याच टेंकडीवर नेली. तिथी पाहिली नव्हती, निघण्यास दहा वाजले आणि पाण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर सोंपविली. बाराच्या उन्हांत एक विद्यार्थी चक्कर येऊन पडला. कोणाच्याही बाटलींत पुरेसें पाणी उरलें नव्हतें. त्याला उचलून खालीं गांवांत आणलें, तेव्हां एका वृद्ध मावशींनीं त्याला ओटीवर निजविलें व मीठ घातलेली पेज थोडी थोडी पाजली. मुलगा अर्ध्या तासांत सावध झाला. पण तो अर्धा तास आम्हांस फार मोठा वाटला. मावशी एवढेंच म्हणाल्या, “मास्तर, पोरांना नेतां ते आईबापांच्या भरंवशावर नेतां.” त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

तेव्हांपासून आमचे नियम ठरले आहेत. पहांटे निघावें व ऊन चढण्यापूर्वीं उतरावें. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी असावें व तें निघतांना शिक्षकांनीं स्वतः पहावें. दर दहा विद्यार्थ्यांमागें एक मोठें माणूस असावें. डोक्यास टोपी, पायांत घट्ट बूट, पिशवींत मीठ, साखर, पट्ट्या व औषध. जुन्या बांधकामाचे जे थोडे अवशेष उरले आहेत त्यांवर चढूं नये, त्यांवर नांवें कोरूं नयेत व केरकचरा परत आणावा. पालकांनीं संमतिपत्रावर सही करतांना मुलाची प्रकृती कशी आहे तें स्पष्ट लिहावें. लपविल्यानें सहल साधते, पण धोका वाढतो.

शेवटीं एक प्रश्न. त्याच टेंकडीवर एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, “सर, त्या लढाईंत आपण कोणत्या बाजूचे?” प्रश्न साधा नव्हता. आमच्या या किनाऱ्यावर पुष्कळांची प्रार्थना पोर्तुगीजांच्या काळापासूनची आहे, आणि घरची बोली मराठी आहे. आम्हीं त्याला समोरचा कोट दाखविला. त्याचा दगड आमच्या डोंगरांतला. तो जिंकणारांनीं प्राणांची पर्वा केली नाहीं, आणि राखणारांनींही शर्थ केली. कोट पडल्यावर जो तह झाला, त्यांत हरलेल्या शिबंदीस सन्मानानें बाहेर पडूं दिलें, व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेविली. हा सारा वारसा आपला आहे. त्यांतला अर्धा टाकून देण्याचें कारण नाहीं.

मुलगा बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, पाणी चढूं लागलें.” खरेंच चढूं लागलें होतें. पालकहो, पुस्तकांत न सांपडणारी ही नजर मुलांस यावी असें वाटत असेल, तर पुढच्या हिंवाळ्यांत एक सकाळ या टेंकडीसाठीं राखून ठेवा. मात्र पंचांग पाहून, आणि पाणी भरून घेऊन.