काळी पट्टी ट्रिगरची नव्हे

लग्नाच्या फोटोत खाली काळी पट्टी आली, की मोर्शीत काय नि मुंबईत काय, पहिला आळ येतो तो फ्लॅशच्या वायरलेस ट्रिगरवर. सिग्नल म्हणे उशिरा पोचला! रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, 30 मीटरवर ठेवलेल्या फ्लॅशपर्यंत तिला सेकंदाचा एक कोट्यांश लागतो. खरी घाई कॅमेऱ्याच्या पोटात असते. शटरचे दोन पडदे एकामागून एक धावतात. साधारण 1/200 किंवा 1/250 सेकंदापर्यंत पहिला पूर्ण उघडलेला आणि दुसरा अजून न निघालेला, असा क्षण मिळतो. फ्लॅशला तेवढ्यातच उरकावं लागतं. वेग 1/500 केला, तर दुसरा पडदा आधीच निम्म्या वाटेवर आलेला असतो. सेन्सरवर चित्र उलटं पडत असल्यानं वरून उतरणाऱ्या पडद्याची सावली आडव्या फोटोत खाली दिसते: नवरीचा चेहरा लख्ख, शालूचे काठ अंधारात. यावर हायस्पीड सिंक हा उपाय आहे, पण तो ट्रिगर आणि फ्लॅश दोघांतही हवा, आणि त्यात उजेड बराच घटतो. कुणी म्हणेल, वायर जोडली की 1/200 वरची पट्टी जाते, मग दोष ट्रिगरचाच ना? आक्षेप रास्त आहे. लहर वेळ खात नाही, पण दोन्ही टोकांची सर्किटं संदेश पाठवताना आणि ओळखताना किंचित वेळ घेतात, आणि 1/200 वर हाताशी उरलेला अवधीच तुटपुंजा असतो. अशा वेळी 1/160 वर उतरलं की बहुधा भागतं. नवा ट्रिगर घ्यायची गरज नाही.

रेंजचंही तसंच. खोक्यावरचे 100 मीटर मोकळ्या मैदानातले असतात. प्री-वेडिंगसाठी संत्र्याच्या बगीच्यात फ्लॅश झाडांआड लपवला, की तोच ट्रिगर बराच अलीकडे अडखळू शकतो. आजचे बहुतेक ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. ही लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, आणि पाण्यानं भरलेली पानं व माणसांची शरीरं तिला शोषून घेतात. 433 मेगाहर्ट्झची सुमारे 70 सेंटिमीटरची लहर अडथळ्यांना वळसा घालून पुढे सरकते. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाच्या काठावर, मधे काहीच नसताना, हा प्रश्न सहसा येत नाही. म्हणून बगीच्यात सेल बदलण्याआधी रिसिव्हर स्टँडवर उंच चढवून पाहावा.

राहिला मोबाइलचा टॉवर. त्याच्यापेक्षा जवळच्या वायफाय-ब्लूटूथची गर्दी त्रासदायक, कारण तीही 2.4 गिगाहर्ट्झवरच असते. दुसऱ्या फोटोग्राफरच्या क्लिकवर आपला फ्लॅश पेटतो तेव्हा बहुधा दोघांचा चॅनल एकच असतो. चॅनल बदलूनही तो पेटतच राहिला, तर फ्लॅशवरचा स्लेव्ह मोड तपासावा. त्यात फ्लॅश रेडिओ ऐकतच नाही, समोरच्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटतो.